भाड्याचं हत्यार, परकं कपाळ

आमच्या संसारात मोठी भांडणं दोनच झाली. पहिल्यात मी हरले, आणि ते कशावरून होतं हेही आता धड आठवत नाही. दुसरं फोटोच्या सॉफ्टवेअरवरून झालं, त्यात मी जिंकले. लाज वाटते ती या जिंकलेल्या भांडणाची.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचा फोटो स्टुडिओ आहे. फोटो नवरा काढतो आणि आत संगणकावर मी बसते. चेहरे उजळणं, मागचा पडदा बदलणं, लग्नाचे अल्बम लावणं हे सगळं माझ्याकडे. नवऱ्याचं जुनं सॉफ्टवेअर एकदाच पैसे मोजून घेतलेलं होतं आणि ते त्यानं जिवापाड जपलं होतं. त्या संगणकाला तो इंटरनेटसुद्धा लावू देत नसे. पण नवा कॅमेरा आणला आणि त्याच्या फायली त्या म्हाताऱ्या सॉफ्टवेअरला उघडेनात. नवं घ्यायचं तर विकत मिळतच नाही. दर महिन्याला पैसे भरायचे आणि वापरायचं. वर सगळे फोटो कंपनीच्या क्लाउडवर ठेवायची सोय.

"गणपतीची पोरं वर्गणीला वर्षातनं एकदा येत्यात," नवरा म्हणाला. "ही तुझी कंपनी दर महिन्याला दारात. हत्यार आपलं असाय पायजे. भाड्याच्या हत्यारानं कोण धंदा करतंय?"

"दुकान भाड्याचंच आहे की," मी म्हटलं.

"दुकानाला मालक हाय, त्येच्या घरी जाऊन भांडता येतंय. हितं कुणाच्या दारात जाऊ? आणि वर्गणी बंद केली तर?"

"तर सॉफ्टवेअर बंद."

"मी केलेलं काम?"

"ते आपलंच राहतं."

"मग उघडायचं कशात?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी आवाज चढवला. माझी ही जुनी खोड आहे.

आठवडाभर घरात हाच विषय होता. भाकरी थापताना, दुकानाचं शटर वर करताना, गिऱ्हाईक बसलेलं असताना सुद्धा. गावातल्या फोटोग्राफर मंडळींची चहावर बैठक झाली, तिथंही तीच हमरीतुमरी. निम्मे चोरीची कॉपी वापरणारे, ते गप्प बसून होते. पेठ वडगावच्या एकानं वर्गणी मध्येच थांबवली होती, तर त्याचे तयार अल्बम जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडले तेव्हा त्यातलं निम्मं काम दिसेना. नवऱ्यानं माझ्याकडे नुसतं बघितलं. मी पण बघितलं. दुसऱ्या दिवशी कार्ड काढून मी वर्गणी भरून टाकली आणि संध्याकाळी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "बरं." नंतर दोन दिवस एवढंच बोलला.

मग मी जुन्या हार्ड डिस्क एकेक जोडून सगळी लग्नं क्लाउडवर चढवायला घेतली. त्याला महिना लागला. संगणकावर नुसत्या छोट्या प्रती राहायच्या, मूळ मोठ्या फायली वर. पाहिजे तेव्हा उतरवून घ्यायच्या. आणि एक गंमत होती. एखाद्याचा चेहरा दाखवला की सॉफ्टवेअर त्याच्यासारखे सगळे चेहरे शोधून एका ढिगात मांडायचं. हजारो फोटोंतून. मी तर खूश झाले. हार्ड डिस्क भंगारात घालू म्हणाले तर नवऱ्यानं त्या उचलून कपाटात ठेवल्या आणि किल्ली खिशात घातली.

असे दिवस चालले असताना कागलकडच्या एका गावातून एक माणूस आला. चाळिशीचा असेल. आई वारली होती. उत्तरकार्याला फ्रेम पाहिजे होती आणि गावात लावायला फ्लेक्स. आमच्याकडे हे काम नेहमीचं. माणूस जिवंतपणी स्वतःचा फोटो काढून घेत नाही आणि गेला की घरचे फोटो शोधायला धावतात. मग लग्नातल्या घोळक्यातून आम्ही त्याला कापून वेगळा काढायचा, मागे निळा पडदा घालायचा, टोपी नसेल तर फेटा बांधायचा.

"घरात फोटो न्हाय बघा," तो म्हणाला. "अल्बम सगळा पुरात भिजला. पर माझ्या चुलतभावाच्या लग्नात फोटो तुमीच काढल्याले. त्यात आई असंल की." ओळख पटावी म्हणून त्यानं मोबाइलमधला एक फोटो दाखवला. गोठ्यात म्हशीपाशी उभी बाई, डोक्यावर पदर, उन्हानं डोळे बारीक केलेले, सगळं धूसर.

मयताच्या फोटोला एक प्रश्न विचारायचाच, ही सासऱ्यांपासूनची रीत. तो मी विचारला. "सवाष्ण गेली का?"

"व्हय. वडील हाईत की." मी कामाच्या पाकिटावर तसं लिहिलं. म्हणजे कपाळ भरलेलं पाहिजे.

नवरा काउंटरला टेकून उभा होता. मला वाटलं, हीच वेळ आहे. "बघा आता," मी म्हटलं, "दोन मिनिटं." तो गोठ्यातला फोटो सॉफ्टवेअरला दाखवला आणि खरोखर दोन मिनिटांत त्या लग्नातले पन्नासेक फोटो समोर मांडून आले. मी नवऱ्याकडे वळून बघितलं. हे मला कबूल करायलाच पाहिजे, की त्या क्षणी मला ती मेलेली बाई दिसत नव्हती, माझा विजय दिसत होता.

ढिगात बायका दोन होत्या. तेही माझ्या लक्षात आलं. अगदी सारख्या, बहिणी असणार. एक नवरदेवाच्या शेजारी पाटावर, आपल्या नवऱ्याबरोबर, सगळे विधी करणारी. दुसरी बाजूला एकटी, खांबापाशी. मी मनात हिशेब केला. विधीला बसलेली म्हणजे नवरदेवाची आई. हा माणूस नवरदेवाचा चुलतभाऊ. म्हणजे नवरदेवाची आई याची काकू, आणि खांबापाशी उभी आहे ती याची आई. किती सरळ! गेलेल्या बाईचा मुलगा तोवर मोबाइलवर मंडपवाल्याशी बोलत बाहेर गेला होता. त्याला हाक मारून स्क्रीन दाखवायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण मग दोन मिनिटांची अडीच झाली असती.

खांबापाशीचा फोटो होताही सुंदर. बाकी सगळीकडे धावपळ, अर्धे चेहरे, उघडी तोंडं. यातली बाई शांत उभी, उजेड गालावर, नजर थेट कॅमेऱ्यात. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेतलेला, गळा दिसत नव्हता. कपाळ रिकामं होतं.

त्या कपाळावर माझा हात थांबला. थांबला होता, हे मी नाकारत नाही. पण पाकिटावर मीच लिहिलं होतं सवाष्ण. म्हटलं, दुपारचं ऊन, घाम, पुसलं गेलं असेल. मी कुंकू लावलं. माझं कुंकू चांगलं येतं, अगदी गोल, कडेला जरा विरळ, बोटानं लावल्यासारखं. फोटो मुलाच्या मोबाइलवर पाठवला. उलट दोन जोडलेले हात आले. मी ते पसंती म्हणून घेतलं. आई गेलेला माणूस त्या दिवसांत येईल त्या निरोपाला हात जोडत असतो, हे मला नंतर सुचलं.

उत्तरकार्याच्या आदल्या दिवशी दुपारी तो फ्रेम न्यायला आला. बाजार करायचा होता म्हणून घरातली एक बाई बरोबर होती. मी कागद सोडून फ्रेम काउंटरवर उभी केली आणि मान वर केली, तर फ्रेममधली बाई फ्रेमच्या पलीकडे उभी.

मुलाचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल. "ह्ये काय केलंसा वो?" तो ओरडला. "ही माझी मावशी हाय! जित्या माणसाला हार घालायला लावताय व्हय? आणि तिकडं फ्लेक्स छापाय दिलाय!"

मला वाटलं, जमीन फाटावी आणि मी आत जावं. नवरा हातातला कॅमेऱ्याचा स्टँड तसाच टाकून पळाला. फ्लेक्सवाला आमच्याच बोळात, चार दुकानं सोडून. परत आला तेव्हा घामाघूम होता. "छापून झाल्ता. मी स्वतः फाडून आलोय," एवढंच म्हणाला. फ्लेक्सवाल्याला संध्याकाळी पाचपर्यंत खरा फोटो मिळाला तर तो पुन्हा छापून देणार होता. घड्याळात अडीच वाजून गेले होते. गावात उद्या सकाळी सगळे पाहुणे जमणार, आणि त्यांच्यापुढे ठेवायला आईचा चेहरा नाही.

"खांबाजवळ मीच यांचा फोटो काढला होता," नवरा हळूच म्हणाला, मावशीकडे न बघता. "पुढं या म्हटलं तर आल्या नव्हत्या."

तेव्हा मला सगळं कळलं. मावशीच काकू होती. दोघी बहिणी एकाच घरात, दोघा भावांना दिलेल्या. खांबापाशी उभी होती ती नवरदेवाची सख्खी आई, आणि ती विधवा होती म्हणून मुलाच्या विधींना तिच्या जागी तिची बहीण बसली होती. सवाष्ण बहीण. वारली ती ही, पाटावरची. किती लग्नांत हे मी डोळ्यांनी बघितलं आहे! आमच्या भागात आता विधवा प्रथा बंद करायचे ठराव होतात, ग्रामसभा होतात, पण मांडवात पाटावर कोण बसलं आहे ते बघावं. सॉफ्टवेअरनं दोघींना एका ढिगात घातलं, तेवढी त्याची चूक. निवड माझी होती.

मुलाला मी पन्नास फोटो दाखवले आणि त्यानं बोट ठेवलं तो फोटो पाटावरचा, हसरा, कुणाला तरी काही ओरडून सांगतानाचा. "ही आई," तो म्हणाला आणि तोंड फिरवून बाहेर जाऊन उभा राहिला. पण माझ्याकडे होती ती छोटी प्रत. फ्लेक्सएवढी मोठी केली तर नुसते ठिपके. मूळ फाइल वर, क्लाउडवर. उतरवायला लावली तर नेट असं रेंगाळत होतं की पट्टी हलते आहे की नाही हेच कळेना. त्यात तो लग्नाचा सगळा गठ्ठा मी एकत्र बांधून चढवलेला, त्यामुळे एक फोटो सुटा निघेना. उतरवायचा तर सगळा, आणि खांबाच्या फोटोसाठी रात्री उतरवलेला गठ्ठा काम झाल्यावर जागा अडते म्हणून मी पुसून टाकला होता.

नवऱ्यानं खिशातून किल्ली काढली. कपाटातून ती हार्ड डिस्क काढून आपल्या जुन्या संगणकाला जोडली. त्या वेळी मला मनापासून वाटत होतं की तो जिंकावा. डिस्क आतून टकटक वाजली, थांबली, पुन्हा वाजली आणि बंद पडली. त्यानं काढून पुन्हा घातली. तीनदा. मग तो खुर्चीत बसून राहिला. आपलं म्हणून जपलेलं हत्यार हातात गार पडलेलं होतं. मला टोमणा मारायला त्याच्याकडे भरपूर जागा होती आणि त्यानं एकदाही मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

"मोबाइलचं नेट जोड," तो म्हणाला. "माझा पण घे." मग मुलाला घेऊन तो फ्लेक्सवाल्याकडे गेला, मशीन दुसऱ्या कामाला लावू नको म्हणून सांगायला.

आत मी आणि मावशी. पट्टी जराशी सरकत होती. मावशी स्टुलावर बसल्या होत्या, समोर ती फ्रेम. मी ती पालथी घालायला हात पुढे केला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या.

"मावशी, मला माफ करा. माझ्याकडून फार मोठी चूक झाली."

"हुतीया चूक. आमच्या दोघींत सासूबी चुकायची." त्यांनी फ्रेम जवळ ओढली. मग म्हणाल्या, "कुकू तुमी लावलंसा?"

"हो."

"मशिनीत?"

"हो. असं, पुसता येतं, हलवता येतं." मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. त्यांना दाखवायला ती फाइल पडद्यावर उघडलीसुद्धा. चेहरा मोठा होऊन आला. मावशी उठून माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या श्वासाचा आवाज माझ्या कानाशी येत होता.

"जरा वर," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलं नाही.

"मी जरा वर लावायची. भुवयांच्या मधी न्हाय. वर. आणि एवढं मोठं न्हाय."

मी कुंकू वर सरकवलं. लहान केलं. "अजून थोडं," त्या म्हणाल्या. मी अजून थोडं सरकवलं. त्या काही म्हणेनात तेव्हा मी थांबले. किती वेळ तशा बघत होत्या ते मला सांगता येणार नाही, कारण माझी वळून बघायची हिंमत झाली नाही. माझा नवरा फ्लेक्सवाल्याच्या दारात धडधाकट उभा होता, माझ्या कपाळावर टिकली होती आणि मला तिचं ओझं झालं होतं.

"पोरगं यायच्या आत पुसा," मावशी म्हणाल्या. "पार पुसा. ऱ्हायलं कुठं आणि कुणी बघितलं, तर म्हणतील म्हातारीला या वयात हौस. बहिणीच्या मयतात."

"मावशी, मी ठेवू का? कुणाला दाखवणार नाही."

"नगं. पुसा."

मी बटण दाबलं. कपाळ रिकामं झालं. त्या स्टुलावर जाऊन बसल्या आणि पिशवीतलं सामान मोजायला लागल्या.

सव्वाचारला गठ्ठा उतरला. पाचला पाच मिनिटं राखून मी खरा फोटो करून दिला. गेलेल्या बाईच्या कपाळावर कुंकू तिचं तिचंच होतं, मला काही करावं लागलं नाही. रंगसुद्धा मी उजळला नाही. नवी फ्रेम, नवा फ्लेक्स गाडीत चढला. चुकीच्या फ्रेममधला फोटो नवऱ्यानं फ्लेक्ससारखाच फाडून टाकला. मुलानं पैसे पुढे केले, ते नवऱ्यानं घेतले नाहीत. मावशी जाताना म्हणाल्या, "येतो बरं का," आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गेल्या.

भांडण मात्र मिटलं नाही. नुसतं दमलं. नवऱ्यानं नवी डिस्क आणली, आता प्रत्येक लग्न दोन्हीकडे ठेवतो. वर्गणी चालू आहे. पंधराएक दिवसांनी तो म्हणाला, "शिकीव मला तुझं ते. पैसे भरतोय तर निदान कळाय तरी पायजे." मी सुखावले. चहा टाकायला आत गेले, तोवर तो एकेक फाइल उघडून बघत बसला होता.

परत आले तर पडद्यावर मावशी होत्या. कपाळावर कुंकू. जरा वर.

"हे काय हाय?" त्यानं विचारलं.

खरं काय ते सांगते. त्या दिवशी मी पुसलं नव्हतं. या सॉफ्टवेअरमध्ये फोटोवर लावलेली प्रत्येक गोष्ट वेगळ्या थरावर असते आणि तो थर एका बटणानं लपवता येतो. मी थर लपवला होता. बटण पुन्हा दाबलं की कुंकू परत. मावशींना ते कळणार नव्हतं. मला वाटलं होतं, मी त्यांच्यावर उपकार केला. जगात कुठंतरी एका जागी त्यांचं कपाळ भरलेलं राहील, असं मला वाटत होतं, आणि ते वाटणं मला फार आवडलं होतं. मी नवऱ्याला सगळं सांगितलं.

त्यानं पडद्यावरचं कपाळ नीट बघितलं. मग म्हणाला, "तिनं पुसा म्हटलं होतं न्हवं?"

"हो, पण ते लोकांच्या भीतीनं. मनातून तिला..."

"तिच्या मनातलं तुला काय ठावं? मागच्या खेपेलाबी तूच ठरीवलंस ती कोण ते."

"कुणाला दिसतंय ते? आपल्याच फायलीत आहे."

"फाइल आपली असंल. वर ऱ्हाऊ दे न्हायतर डिस्कवर, त्येचं काय न्हाय. कपाळ तिचं हाय. पुस."

मी आवाज चढवायला तोंड उघडलं. मग मिटलं. तो उठून बाहेर काउंटरवर गेला आणि मला खुर्ची मोकळी करून दिली.

मी थर काढून टाकला. मग क्लाउडवर गेले, कारण तिथं आधीच्या प्रती राहतात. त्या एकेक करून काढल्या. मग कचऱ्याचा डबा उघडला, कारण तिथंही महिनाभर राहतं. सॉफ्टवेअरनं विचारलं, कायमचं काढायचं का, मग परत आणता येणार नाही. मी बोट उचललं आणि खाली ठेवलं, पुन्हा उचललं. विधवेचं कुंकू पुसायला बायकाच पुढे होतात, याची मला आयुष्यभर चीड होती. मी "हो" दाबलं.